डावीकडे वळणाऱ्या गाठी

फ्लोरी, चर्चमध्ये तुझ्या अंत्यविधीच्या मासला, त्या प्रार्थनेला, सगळे माना खाली घालून बसले होते आणि मी बायकांचे हात बघत होते. पुढच्या बाकावर तुझी माय, तिच्या शेजारी तुझी चुलतबहीण ब्रेंडा, मागे तुमच्या गिरगावातल्या गल्लीतल्या बायका. कुणाच्या हातात रोझरीची जपमाळ, कुणाच्या हातात रुमाल. फादर तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते, ते मी अर्धंच ऐकलं. माझं लक्ष सगळं बोटांवर. चामड्याची वादी रोज ओढून गाठी मारणाऱ्या बाईच्या तर्जनीला आतल्या बाजूनं घट्टा पडतो. तुला होता, मला आहे. आणखी कुणाला आहे का, ते मला शोधायचं होतं.

कारण ती बाई तिथे हजर असणार याची मला खात्री होती. गेले दोनेक महिने जी तुझ्या नावावर आपल्या माळा करून देत होती, ती. तू मला न सांगता हाताशी धरलेली. आता तू नाहीस म्हटल्यावर ती आपली सगळी डिझाइनं घेऊन स्वतःचं दुकान थाटणार, असं मी मनाशी धरून चालले होते. आणि खरं सांगू का, दुकानाचं मला एवढं नव्हतंच. मला टाकून तू दुसरीला जवळ केलंस, हे टोचत होतं. आयुष्यभर एका चटईवर बसून काम केलं आणि शेवटी माझ्यापासून लपवाछपवी. ते खरं की खोटं, हे विचारायला तू उरली नव्हतीस, म्हणून मी तुझ्या मासला पुरावा शोधत बसले होते. तू जिवंत असतीस तर हसून बाकावरून पडली असतीस.

तू म्हणायचीसच, "नंदा, तू मच्छीवालीला तर सोडत नाहीसच, त्या बांगड्याला पण विचारशील, खरंच आजचा ना रे तू?" असेन मी तशी. डिलाईल रोडच्या चाळीत वाढले. गिरण्या बंद पडल्यावर बाबांकडे रोज कुणीतरी यायचं आणि सांगून जायचं, पुढच्या महिन्यात सुरू होतेय बघा. बाबा त्या प्रत्येकाला चहा पाजायचे. आई फुकट गेलेल्या साखरेकडे बघत बसायची. तेव्हापासून कुणी गोड बोलायला लागलं की मी पर्स छातीशी धरते. तुझ्याशीसुद्धा सुरुवात संशयानंच झाली होती, आठवतंय ना?

दादरला त्या मोत्यांच्या दुकानात. पुढे काचेचं काउंटर, एसी, मखमलीवर तन्मणी आणि चिंचपेट्या. मागच्या खोलीत चटईवर आपण ओवणाऱ्या बायका आणि आढ्याला एक कुरकुरणारा पंखा. मी नवीन. मालकीणबाईंनी तुझी एक माळ माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, अशी गाठ हवी. प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ, म्हणजे माळ तुटली तरी एकच मोती निसटतो. मी दिवसभर झटले. गाठ घट्ट पडायची, गोल पडायची, पण तुझ्यासारखी दिसायची नाही. काहीतरी उलटंच. मला वाटलं, ही बया काहीतरी खुबी राखून आहे, शिकवायची नाही म्हणून लपवतेय. संध्याकाळी मी हळूच तुझ्या पाठीमागे येऊन उभी राहिले.

"चोरून कशाला बघतेस? समोर बस ना," तू मान वर न करता म्हणालीस.

समोर बसले तेव्हा कळलं, तू डावखुरी. उजव्या हाताची गाठ एकीकडे वळते, डाव्या हाताची दुसरीकडे. आरशात बघितल्यासारखी. बारीक रेशमात ते कुणाला दिसत नाही, पण मला एकदा कळलं ते कळलं. त्यानंतर कुठलीही माळ हातात घेतली की तुझी कुठली आणि माझी कुठली, हे मी डोळे मिटून, नखानं चाचपून सांगायचे. तुझ्या गाठी डावीकडे वळायच्या. गर्दीत तुझा आवाज ओळखावा तशा मी त्या ओळखायचे.

दुकान सोडून आपलं आपण काही करायचं हे खूळ तुझंच. चामड्याच्या वादीत मोती ओवायचे आणि मध्ये मध्ये चांदीचे इवलाले नग लटकवायचे. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. माझ्या आईनं तर दारातच अडवलं होतं. "चामड्याचा ता देवाकडे हाडू नको हां गो बाय," म्हणाली. म्हणून वाद्यांचं भेंडोळं सज्ज्यात, खुंटीवर. तू आलीस की चपला काढण्याआधी आईला हाक मारायचीस आणि सज्ज्यातून वादी घेऊन तिथेच बसायचीस, आत यायची नाहीस. आई गेली तेव्हा कामासाठी परळला खोली भाड्यानं घेऊन झाली होती, कामाचा आणि देवाचा काही संबंध उरला नव्हता. तरी तिचं तेरावं होईपर्यंत तू माझ्या घरात चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळसुद्धा घालून आली नाहीस. कुणी सांगितलं नव्हतं तुला. मी ते बघितलं होतं आणि बोलले काही नव्हते, कारण मला तेव्हा रडायचं नव्हतं.

त्या नगांची चित्रं तू काढायचीस. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीनं, डाव्या हातानं, त्यामुळे तळहाताची कड नेहमी काळी. सुरमई, छत्री, लाटणं, पाटा-वरवंटा, गिरणीची चिमणी. चिमणी बघून मी म्हटलं होतं, ही कोण घालणार गळ्यात? आणि पहिली तीच खपली. बाबांच्या गिरणीच्या जागेवर जी काचेची इमारत उभी आहे, तिथल्या मुली घेऊन गेल्या. त्यांना वाटलं, दीपगृह आहे. तू त्यांना काही सांगितलं नाहीस. मला म्हणालीस, "असू दे. गळ्यात तर राहील."

आपल्यात भांडणंही कमी झाली नाहीत, आणि एक तर तू अर्ध्यावर टाकून गेलीस. चांदी घासायची की काळी पडू द्यायची? तू म्हणायचीस, काळी पडली की नक्षी उठून दिसते. मी म्हणायचे, काळी चांदी बघून गिऱ्हाईक जर्मन सिल्व्हर समजेल आणि तोंड वाकडं करेल. तू घरी गेलीस की मी रांगोळी घेऊन सगळे नग लख्ख घासून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तू पर्समधून उकडलेलं अंडं काढायचीस, फोडून डब्यात ठेवायचीस, वर नग पसरून झाकण लावायचीस. दुपारपर्यंत चांदी पुन्हा काळी. संकष्टीला खोलीत अंड्याचा वास सुटला तेव्हा मी तुला काय काय बोलले होते. तू शांतपणे म्हणालीस, "तुझा गणपती बाप्पा समजून घेईल गं. त्याची पण चांदी काळीच पडते." त्या डब्यात शेवटचे नग अजून तसेच आहेत. मी ते घासलेले नाहीत. याचा अर्थ मी हरले असा घेऊ नकोस.

आणि आणखी एक. ते आपले जुने कारागीर, जे नग ओतून द्यायचे. वय झालं, हात कापायला लागला, सुरमईचं शेपूट वाकडं यायला लागलं. मी म्हटलं, सांभाळून घेऊ या, पहिल्यापासून आहेत. तू ऐकलं नाहीस. "हात गेला की काम सोडायचं, नंदा. आपली दया दागिन्यात दिसत नाही, वाकडं शेपूट दिसतं." त्यांचं काम बंद, हे तू स्वतः जाऊन सांगून आलीस. मग कित्येक रविवार त्यांच्या घरी सोरपोटेल नाही तर कालवण पोचवत राहिलीस, पण काम पुन्हा दिलं नाहीस ते नाहीच. तेव्हा मला तू फार कठोर वाटली होतीस.

यंदाचे गणपती आटोपले आणि तुझं सगळं बदललं. आतापर्यंत परळच्या खोलीत आपण समोरासमोर बसायचो. तू अचानक म्हणालीस, "माय एकटी असते गं. काम घरी नेत जाईन." माय काय त्याच दिवशी एकटी झाली होती का? पण मी मान डोलावली. आठवड्यानं तू पहिली माळ आणून दिलीस, मी ती हातात घेतली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. चामड्यातली गाठ मोठी असते, तिचं वळण बघायला भिंग लागत नाही. सगळ्या गाठी उजवीकडे वळलेल्या. शिवाय सैल. मोती गाठीपासून सुटे, इकडून तिकडे फिरणारे. नवशिक्या बाईचं काम. तुझं नव्हेच.

मी ती माळ मिठाईच्या रिकाम्या डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि गिऱ्हाईकासाठी स्वतः दुसरी केली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. तू आणायचीस, मी डब्यात ठेवायचे. एक दिवस सगळा पुरावा तुझ्यासमोर मांडायचा आणि विचारायचं, ही कोण? असं मी ठरवून टाकलं होतं. दिवाळीची गर्दी संपली की विचारू, आत्ता भांडण नको, कामं अडतील.

बाई हुशार निघाली. दर खेपेला तिच्या गाठी घट्ट होत गेल्या. मोती जागच्या जागी बसायला लागले. दिवाळी तोंडावर आली तेव्हा एक माळ तू आणलीस, करड्या मोत्यांची, मध्ये छत्रीचा नग. मी ती उजेडात धरून बघितली. ती माळ माझ्याहून सरस होती. म्हणजे तू तिला जीव लावून शिकवत होतीस. मला तू कधी एवढ्या निगुतीनं शिकवलं होतंस? मी आपली समोर बसून बघून बघून शिकले.

मग तर मी तुझ्यावर पाळतच ठेवली. तू चहा घेईनाशी झालीस. वडापाव समोर आला तर म्हणायचीस, भूक नाही. फ्लोरीला वडापावची भूक नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. डावा हात सदा ओढणीखाली. मोबाइलवर लिहिणं बंद, काय सांगायचं ते बोलून पाठवायचीस, आणि मागे कुणाचा आवाज येतोय का म्हणून मी ते तीन-तीनदा ऐकायचे. कधी मायचा खोकला यायचा, कधी कुकरची शिट्टी. दुसरी कुठली बाई कधी आली नाही. त्यावरून माझा निष्कर्ष काय, तर ती सावध आहे.

दादरच्या प्रदर्शनात तर कहर झाला. आपल्या स्टॉलवर ती चष्मेवाली मुलगी आली, वादीतली माळ हातात घेऊन म्हणाली, "मावशी, ही गाठ कशी बांधता, दाखवाल?" एरवी तुला असं कुणी विचारलं की तुझी कळी खुलायची. शाळा भरवायचीस तू स्टॉलवर. त्या दिवशी तू झटकन बाजूला झालीस.

"नंदा दाखवेल."

"का गं, तूच दाखव ना. विसरलीस की काय?" मी मुद्दामच टोचलं.

"तू दाखव. तुझी गाठ छान असते."

इतक्या वर्षांत तू माझ्या गाठीला छान म्हटलं नव्हतंस. मी गाठ बांधून दाखवली, पण माझे हात रागानं गरम झाले होते. मनात म्हटलं, हिला आता सवयच राहिली नाही. सगळं ती दुसरी करते, आणि ही मला लोणी लावते.

सामान आवरून आपण हिंदमातापर्यंत चालत आलो. साड्यांच्या दुकानांसमोर नेहमीची झुंबड. मी पिशवी धरली होती, तू मोकळी. तिथे एका दुकानाच्या पायरीवर आपण टेकलो आणि मी विषय काढला.

"घरी मदतीला कोण असतं गं तुझ्या?"

"कोण असणार? मीच."

"एकटीच करतेस सगळं?"

"हो. का?" मग तूच विचारलंस, "नीट होतंय ना काम? मला सांग हां."

मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. काय सफाईनं खोटं बोलतेय, असं वाटलं. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू उत्तराची वाट बघत होतीस.

"बरंय," मी म्हटलं आणि टॅक्सीला हात केला.

दिवाळी झाली. पणत्या अजून कोनाड्यातून काढल्या नव्हत्या, तेवढ्यात एका सकाळी ब्रेंडाचा फोन. मायसाठी चहा टाकायला तू उठलीस आणि ओट्यापाशीच कोसळलीस. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला. रडू नंतर आलं. आधी काय आलं सांगू? आधी हे आलं, की आता तिचं नाव मला कोण सांगणार.

सातव्या दिवसाचा मास झाल्यावर मी तुमच्या घरी आले. सगळ्यांना वाटलं, मायच्या जवळ बसायला आले. बसलेही मायजवळ, पण डोळे फिरत होते. पहिला संशय ब्रेंडावर. ती मोकळी असते, हाताला चपळ आहे, आणि तुझ्याबद्दल बोलताना माझ्याकडे बघायचं टाळत होती. कुणीतरी केकचा डबा न्यायचा म्हणून दोरी मागितली, तेव्हा मी ती दोरी मुद्दाम ब्रेंडाच्या हातात दिली. तिनं बुटाची नाडी बांधावी तशी बांधली. तो डबा जिन्यातच सुटला आणि केक शेजारच्या मांजरीनं खाल्ला. ब्रेंडा सुटली.

पाहुणे पांगले तशी मी तुझ्या कामाच्या टेबलाकडे गेले. खुर्ची एकच. पकडींची जोडी एकच. पण कात्र्या दोन. डावखुऱ्यांची जी कात्री मी तुला वाढदिवसाला शोधून आणून दिली होती, ती मागे ढकललेली, तिच्यावर धूळ. पुढे एक साधी, उजव्या हाताची कात्री, नुकतीच धार लावलेली, मुठीला मऊ कापड गुंडाळलेली. तुला म्हणून सांगते फ्लोरी, त्या क्षणी मला एक प्रकारचा आनंद झाला. म्हटलं, सापडली. इथे बसते ती. माझ्या कात्रीवर धूळ आणि तिच्या मुठीला कापड.

मी कात्री हातात घेऊनच मायसमोर जाऊन बसले. मायला ऐकू कमी येतं, मी मोठ्यानं विचारलं.

"माय, फ्लोरीबरोबर कामाला कोण बसायचं इथे?"

"कोन नाय गो. एकटीच. दार लावून बसायची."

"दार लावून? आतून?"

"व्हय. मना पण येव देत नसं. बोलायची, माय, जरा थांब, होव दे नीट." मायनं डोळे पुसले. "डॉक्टरानी पण मना विचारला. याच्या अगोदर हिला काय झालेला का? हात जड झालेला का? बोलला, एकदा लहानसा झटका येऊन गेलेला असंल. मी बोलली, नाय डॉक्टर, काय झाला नव्हता. उलट या वर्षी ती बरी वागायला लागलेली. शेवटाला माजा आयकला तिनी."

"काय ऐकलं?"

"जेवायचा," माय म्हणाली. "लहान होती तवापासून सांगून सांगून माजा गळा सुकला. डाव्या हाताने जेव नको, लोक नावं ठेवतात. पळीने मारला, उपाशी ठेवला. नाय म्हंजे नाय. आनि या वर्षी, गणपती होते तवा, आपल्याच मनाने उजव्या हाताने जेवायला लागली. पयले पयले सांडायची. भात घरातल्या फ्रॉकवर पडायचा. मी बोलली, हळूहळू जमंल, बेटा. मंग जमला. चहाचा कप पण उजव्या हाताने. मी देवाला बोलली, इतक्या वर्षांनी तू माज्या पोरीला अक्कल दिली."

माय बोलत राहिली. मी हातातल्या कात्रीकडे बघत राहिले. मुठीला गुंडाळलेलं कापड तुझ्या जुन्या फ्रॉकचं होतं, निळ्या ठिपक्यांचं, ते मला तेव्हा दिसलं.

मला तुझा इतका राग आला, फ्लोरी, की तू समोर असतीस तर मी तुला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं असतं. डावा हात निकामी झाला आणि तू कुणाला सांगितलं नाहीस. डॉक्टरला नाही, मायला नाही, मला नाही. ओढणीखाली हात लपवलास आणि या वयात, दार लावून, पहिल्यापासून शिकायला बसलीस. डाव्या हातानं नुसतं धरायचं, उजव्यानं वळवायचं. सैल झाली की सोडायची, पुन्हा बांधायची. मला काय समजलीस? त्या कारागिरांना जो नियम लावलास तो मी तुला लावीन असं वाटलं तुला? नियम तुझा होता गं, माझा नव्हता. मी तर त्यांना सांभाळून घेऊ म्हटलं होतं.

आणि मला स्वतःचाही राग आला, पण संशय घेतल्याचा नव्हे. संशय बरोबरच होता. तू लपवत होतीस आणि मी ते पहिल्या माळेलाच ओळखलं होतं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. राग याचा की एवढं बघून मी ते डब्यात घालून झाकण लावलं. त्याच दिवशी माळ तुझ्यापुढे आपटून विचारलं असतं, फ्लोरी, ही कुणी बांधली, तर तू खोटं बोलली असतीस, आपलं भांडण झालं असतं, तुझा हात माझ्या हातात आला असता आणि तुला फरफटत डॉक्टरकडे नेलं असतं. कदाचित. मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही.

मी मायला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या लेखी तू शेवटी तिचं ऐकलंस, आणि ते तिच्याजवळ राहू दे. तिनं माझा गुडघा हलवून विचारलं, "कामाला पण उजवाच हात लावायची का गो, तुज्याकडे?"

"हो माय," मी म्हटलं. "सगळं काम उजव्या हातानं."

"नीट करायची?"

"फार सुरेख करायची. माझ्याहून छान."

मायचा चेहरा खुलला. तुझ्या फोटोकडे बघून तिनं मान हलवली. मग माझ्याकडे वळून तिनं अगदी सहज विचारलं, "मंग तू सांगितला का तिला तसा कधी?"

मी पाणी प्यायला आत गेले.

घरी येऊन मी तो मिठाईचा डबा उघडला. सगळ्या माळा तू आणल्यास त्या क्रमानं चटईवर मांडल्या आणि दिव्याखाली एकेक गाठ तपासली, दुकानातून माल पुढे पाठवण्याआधी तपासायचो तशी. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून सांगते, पहिल्या माळेतल्या गाठी सैल आहेत. दुसरीत मोत्यांमधलं अंतर चुकलंय. त्यापुढच्या एकीत वादी नीट ओली न करता ओढलीस, तडा गेलाय. करड्या मोत्यांची मात्र मी दोनदा बघितली. नखानं प्रत्येक गाठ चाचपली, प्रत्येक मोती हलवून पाहिला. एकही हलत नाही. नीट होतंय का म्हणून विचारलं होतंस ना. नीट झालंय गं फ्लोरी, खूप नीट झालंय.